रेझ्युमेतलं जादा वर्ष

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्या तिशीतल्या एका वाचकाने हे पत्र लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इंजिनिअरिंगनंतर २०१७ मध्ये ते एका कंपनीत लागले. डिसेंबर २०१९ मध्ये राजीनामा देऊन त्यांनी एमपीएससीची पूर्णवेळ तयारी सुरू केली. टाळेबंदी आली, परीक्षा पुढे ढकलली जात राहिली, हातातले पैसे संपले आणि जानेवारी २०२१ मध्ये ते सध्याच्या छोट्या कंपनीत रुजू झाले. रेझ्युमेत मात्र त्यांनी पहिली नोकरी डिसेंबर २०२० पर्यंत दाखवली. सध्याचं पद ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असताना ‘टीम लीड’ लिहिलं आणि क्लाउडचा फक्त एक ऑनलाइन कोर्स केलेला असताना त्यात ‘प्रावीण्य’ लिहिलं. आता हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीची ऑफर हातात आहे. राजीनामा देऊन झालाय, नोटीस पिरियड संपत आलाय, गावी पेढे वाटून झालेत, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांच्या माहितीच्या पडताळणीच्या, फॉर्मची लिंक येऊन पडली आहे. एक मित्र म्हणतो, रिलिव्हिंग लेटरच्या (कंपनी नोकरी सोडताना देते त्या पत्राच्या) पीडीएफमध्ये तारीख बदलून देणारा माणूस ओळखीचा आहे. वाचक विचारतात: “सगळेच थोडंफार वाढवून लिहितात ना? मग मला झोप का लागत नाही? गप्प बसू, की एचआरला खरं सांगून ऑफर घालवू?”

उत्तर:

लिंकची मुदत थोडीच उरली होती, म्हणून तुम्हाला मोजकं उत्तर लगेच ईमेलने पाठवलं. त्यात एवढंच लिहिलं होतं की पीडीएफला हात लावू नका आणि फॉर्म अजून पाठवू नका. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण अशाच चिंतेत असलेले बरेच जण हे वाचत असतील.

तुम्ही तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, आणि त्या गाठोड्याच्या ओझ्याने तुमची झोप उडाली आहे. आधी त्या सुट्या करू.

क्लाउडमधलं ‘प्रावीण्य’ ही बढाई आहे. ती चांगली नाही, पण ती तपासायची जागा मुलाखत होती आणि मुलाखत तुम्ही दिलीत. त्यासाठी कुणाला कबुलीपत्र लिहायची गरज नाही. शब्द बदलून ‘प्राथमिक ओळख’ करा आणि रुजू होण्याआधीच्या दिवसांत खरोखर शिकायला बसा.

‘टीम लीड’चं प्रकरण थोडं वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय की दोन ज्युनिअर मुलांचं काम तुम्हीच वाटून देत होता, त्यांचा कोड तुम्हीच तपासत होता, क्लायंटच्या कॉलवरही तुम्हीच असायचा. म्हणजे काम खरं आहे, पदनाम खोटं आहे. छोट्या कंपन्यांत हे सर्रास होतं. माणूस चार जणांचं काम करतो आणि ऑफर लेटरवरचं पद तसंच राहतं. पण पदनाम हा तुमच्या मताचा विषय नाही, तो कंपनीच्या नोंदीचा विषय आहे. पडताळणी करणारा माणूस तुमच्या एचआरला ईमेल करून विचारतो: हे इथे होते का, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर, सोडण्याचं कारण काय, पुन्हा घ्याल का. तुमची एचआर नोंदीत जे आहे तेच लिहिणार. म्हणून पद कागदावर आहे तसंच लिहायचं आणि त्याखालच्या ओळीत केलेलं काम लिहायचं. ती ओळ खरी आहे आणि ‘टीम लीड’ या दोन शब्दांपेक्षा जास्त सांगणारी आहे.

उरतं ते २०२० साल. खरा प्रश्न हा आहे.

ही पडताळणी कशी होते ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या पत्रात ती कुणीतरी तुमच्या चारित्र्याचा निवाडा करणार असल्यासारखी उतरली आहे. बहुतेक वेळा हे काम बाहेरच्या एजन्सीकडे असतं. तिथला कर्मचारी तुमच्या फॉर्ममधली तारीख, रिलिव्हिंग लेटरवरची तारीख, जुन्या कंपनीकडून आलेल्या उत्तरातली तारीख आणि पीएफच्या नोंदीतली तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहतो. जुळल्या तर हिरवा शेरा, नाही जुळल्या तर ‘डिस्क्रेपन्सी’, म्हणजे तफावत. त्याला तुम्ही माणूस म्हणून कसे आहात याच्याशी कर्तव्य नसतं. पुढचा निर्णय कंपनीची एचआर घेते.

यातली पीएफची नोंद तुम्ही बदलू शकत नाही. २०१४ पासून प्रत्येक पीएफ खातेदाराला बारा अंकी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) मिळतो आणि नोकऱ्या बदलल्या तरी तो एकच राहतो. त्याखाली कुठल्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलंत याची यादी दिसते, आणि पासबुकात महिन्या-महिन्याची वर्गणी दिसते. तुमची पहिली कंपनी २० पेक्षा जास्त लोकांची होती, पीएफ कापला जात होता असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे २०२० चे बाराही महिने तिथे रिकामे आहेत. आयकराच्या २६एएस फॉर्ममध्येही पगारावर कर कुणी कापला ते कंपनीच्या नावासकट येतं. ‘कदाचित लक्षात येणार नाही’ ही आशा म्हणूनच सोडून द्या. दहा वर्षांपूर्वी ती चालून गेली असती, आता नाही.

तुमच्या मित्राच्या ओळखीच्या माणसाबद्दल मला कडक शब्दांत लिहावं लागेल. रेझ्युमेत तारीख वाढवणं हे खोटं आहे. कंपनीच्या लेटरहेडवरच्या पत्रातली तारीख बदलणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवज तयार करणं कलम ३३६ मध्ये येतं आणि तो खरा म्हणून वापरणं कलम ३४० मध्ये. प्रत्येक कंपनी पोलिसांत जात नाही हे खरं. पण त्या पीडीएफनंतर तुम्ही ‘गॅप लपवणारा उमेदवार’ राहत नाही, ‘बनावट कागद देणारा उमेदवार’ होता. पहिल्याचं ऐकून घेणारी एचआर असते, दुसऱ्यासाठी बहुतेक कंपन्यांत ऐकून घ्यायची सोयच नसते. शिवाय पैसे घेऊन तारखा बदलणाऱ्या त्या माणसाकडे तुमचा मूळ कागद आणि तुमचा फोन नंबर कायमचा राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरने जाहीर केलं होतं की अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं देऊन नोकरी मिळवल्याचं सिद्ध झालेल्या भारतातल्या कर्मचाऱ्यांना काढण्यात आलं आहे. ते लोक रुजू झाले होते, पगार घेत होते. रुजू झालो म्हणजे सुटलो, असं होत नाही.

आता तुमच्या बाजूची गोष्ट सांगते. आत्तापर्यंत खोटं फक्त रेझ्युमेत आहे. फॉर्म तुम्ही भरलेला नाही. फॉर्मच्या शेवटी एक घोषणा असते की वरील माहिती खरी आहे, ती खोटी आढळल्यास ऑफर रद्द होऊ शकते किंवा नोकरीवरून काढलं जाऊ शकतं, आणि त्याखाली तुमची सही. ती सही खऱ्या तारखांखाली करायची की खोट्या, हे अजून तुमच्या हातात आहे. अशा फायलींवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. एचआरच्या टेबलावर दोन उमेदवार सारखेच चुकलेले असतात, पण एकाने फॉर्मआधी स्वतःहून कळवलेलं असतं आणि दुसरा एजन्सीच्या अहवालात सापडलेला असतो. त्या दोघांकडे बघण्याची नजर सारखी नसते.

एक प्रश्न मात्र तुम्हाला विचारायलाच हवा, कारण पत्रात त्याचं उत्तर नाही. मुलाखतीत २०२० बद्दल कुणी विचारलं होतं का, आणि तुम्ही काय सांगितलंत? फक्त तारीख वाढवली असेल तर दुरुस्ती एका परिच्छेदाची आहे. त्या वर्षात न केलेल्या प्रोजेक्टचं वर्णन केलं असेल, तर दुरुस्तीत तेही सांगावं लागेल आणि ऑफर जाण्याची शक्यता बरीच वाढेल. तरी सांगा. अर्धं सांगून उरलेलं अर्धं पोटात ठेवून रुजू होणं म्हणजे याच चिंतेत आणखी काही वर्षं काढणं.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत लागलेली ओळ वेगळीच होती. तुम्ही लिहिलंय: “बाबांनी तेव्हा पाहुण्यांना सांगितलं होतं की मी घरून काम करतो. मग तेच चालू राहिलं.” त्या वर्षी अर्धं पुणे घरून काम करत होतं, लॅपटॉप उघडून बसलेल्या मुलाला कुणी काही विचारत नव्हतं. एसटीत नोकरी करून तुम्हाला इंजिनिअर केलेल्या वडिलांना मुलाने चांगली नोकरी सोडली हे चारचौघांत सांगणं जड गेलं असणार. त्यांना मी दोष देत नाही. पण बघा, ते वर्ष लपवायचं असतं हे तुम्ही घरातच शिकलात. रेझ्युमेत ते उतरलं नंतर.

आणि लपवण्यासारखं त्यात होतं काय? राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे गेली. मार्च २०२१ मध्ये तोंडावर आलेली तारीख परत पुढे ढकलली गेली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, आणि शेवटी २१ मार्च २०२१ ला परीक्षा झाली. म्हणजे ज्या परीक्षेसाठी तुम्ही नोकरी सोडलीत ती त्या अख्ख्या वर्षात झालीच नाही. तुम्ही नापास झाला नाहीत, तुम्हाला पेपरच मिळाला नाही. तरी पत्रात तुम्ही त्याला ‘वाया गेलेलं वर्ष’ म्हणता आणि स्वतःला ‘अपयशी’. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून परत नोकरीकडे वळलेली मुलं पुण्यातल्या कुठल्याही कंपनीत सापडतील. तुमचा नवा मॅनेजर किंवा एचआरमधली व्यक्ती त्यांच्यापैकीच एक असू शकते. ‘जानेवारी ते डिसेंबर २०२०: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’ ही ओळ वाचून महाराष्ट्रातला भरती अधिकारी दचकत नाही. तो पुढे जाऊन एवढंच विचारतो की आता परत परीक्षा देणार आहात का. त्याचं खरं उत्तर मात्र तयार ठेवा.

‘सगळेच करतात’ याबद्दल थोडंच लिहिते. बरेच जण करतात, मान्य. पण तुम्ही हा प्रश्न मला विचारलात, म्हणजे तुमचं समाधान त्या उत्तराने होत नाहीये. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ‘मी फसवणूक करणारा माणूस आहे का’ असंही विचारताय. तुम्ही एक चुकीची तारीख लिहिलीत, ती तुमच्या फायद्याची होती आणि तुम्हाला ते माहीत होतं. तेवढंच म्हणा. त्याहून कमी म्हणू नका, जास्तही म्हणू नका.

आता काय करायचं ते. आधी कागद जमवा: दोन्ही कंपन्यांची ऑफर लेटर, पहिल्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, पगारपत्रकं, फॉर्म १६, पीएफचं पासबुक आणि सर्व्हिस हिस्ट्री. पीएफमधली सोडल्याची तारीख रिलिव्हिंग लेटरशी जुळते का ते पाहा. जुन्या कंपनीने ती भरलीच नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. तुमच्या बाबतीत तो काळ केव्हाच उलटला आहे. मग नोकरीची मूळ जाहिरात काढा आणि किमान किती वर्षांचा अनुभव मागितला होता ते बघा. एक वर्ष वजा करूनही तुम्ही त्या अटीत बसत असाल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. बसत नसाल तर कंपनी ऑफर रद्द करू शकते किंवा खालच्या ग्रेडवर, कमी पगारात घेऊ शकते. कमी पगाराला हो म्हणायचं का, हे फोन करायच्या आधी ठरवून ठेवा. फोनवर ठरवू नका.

मग तुमच्याशी बोलणाऱ्या रिक्रूटरला फोन करा, दोन मिनिटांत सांगा आणि लगेच ईमेल पाठवा. मी असा लिहीन:

“फॉर्म भरण्यापूर्वी एक दुरुस्ती कळवत आहे. अर्जासोबतच्या रेझ्युमेत पहिल्या कंपनीतली नोकरी मी डिसेंबर २०२० पर्यंत दाखवली होती. प्रत्यक्षात ती मी डिसेंबर २०१९ मध्ये सोडली. २०२० मध्ये मी राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी करत होतो. तारीख चुकीची देणं ही माझी चूक आहे. तसंच सध्याच्या कंपनीत माझं पद सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर असं आहे, दोन सहकाऱ्यांच्या कामाची देखरेख माझ्याकडे आहे. दुरुस्त रेझ्युमे आणि कागदपत्रं सोबत जोडली आहेत. यामुळे काही चर्चा करायची असल्यास मी उपलब्ध आहे.”

यात ‘टायपिंगची चूक’ असं घालायचा मोह होईल. घालू नका. एक वर्ष टायपिंगमध्ये वाढत नाही हे वाचणाऱ्याला कळतं, आणि खरं सांगायला निघालेल्या पत्रात नवं खोटं जातं. घरची परिस्थिती, हप्ते, बाबांची तब्येत हेही या ईमेलमध्ये नको. फॉर्ममध्ये मग ईमेलशी जुळणाऱ्याच तारखा भरा, आणि नोकरीच्या पोर्टलवरची, लिंक्डइनवरची तारीखही त्याच दिवशी बदला. काही जण तुम्हाला सांगतील की ईमेलची गरज नाही, फॉर्ममध्ये खऱ्या तारखा भर आणि कुणी विचारलं तर बघू. गप्प राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण एजन्सी बऱ्याचदा रेझ्युमे आणि फॉर्म या दोन्हींची तुलना करते, फरक दिसला की तुमच्याकडून खुलासा मागवला जातोच, आणि तोपर्यंत तुमचा सध्याच्या कंपनीतला शेवटचा दिवस उलटून गेलेला असू शकतो. म्हणून मला ईमेल जास्त सुरक्षित वाटतो.

शेवटच्या दिवसाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ईमेल पाठवण्याआधी सध्याच्या मॅनेजरशी बोला. सगळं सांगायची गरज नाही. नव्या कंपनीची पडताळणी लांबण्याची शक्यता आहे, शेवटची तारीख दोन-तीन आठवडे पुढे नेता येईल का, एवढं विचारा. तुम्ही लिहिलंय की तुमच्या जाण्याने त्यांचा प्रोजेक्ट अडतोय, त्यामुळे ते हो म्हणण्याचीच शक्यता जास्त. ऑफर गेलीच तर हातात पगार राहील आणि पुढचे अर्ज तुम्ही नोकरीत असताना करू शकाल.

ऑफर जाईल का? जाऊ शकते. काही कंपन्यांचं धोरणच असं असतं की रेझ्युमेत खोटी माहिती आढळली की चर्चा नाही, आणि त्या कंपनीचं दार काही काळ बंदही होऊ शकतं. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण गप्प राहिलात तरी ती जाण्याची शक्यता तेवढीच, किंबहुना जास्त आहे, आणि मग ती तुम्ही रुजू झाल्यावर, जुनी नोकरी सुटल्यावर जाईल. दोन्हींची तुलना करून मी हे सांगते आहे.

इतर वाचकांसाठी थोडं. बाळंतपण, घरातल्यांचं आजारपण, कपातीत गेलेली नोकरी, स्वतःचा बंद पडलेला धंदा, या कुठल्याही कारणाने पडलेला गॅप एका ओळीत, तारखांसकट लिहा. बायकांना या गॅपबद्दल जरा जास्तच खोदून विचारलं जातं हे मला माहीत आहे आणि ते मला पटत नाही. तरीही तारीख लपवल्याने ते प्रश्न टळत नाहीत, उलट उत्तर देताना तुमचा पाय लटपटतो. ज्यांनी खोट्या तारखा भरून फॉर्म पाठवूनही टाकला आहे, त्यांनी एजन्सीच्या अहवालाची वाट न पाहता वरचाच ईमेल पाठवावा. रुजू झाल्यावर नोटीस आली असेल तर उत्तर लिहिण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. आणि जे सरकारी नोकरीत रुजू होताना साक्षांकन नमुना (स्वतःबद्दलची माहिती लिहून देण्याचा फॉर्म) भरताहेत, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग खटल्यातला २०१६ चा निकाल महत्त्वाचा आहे. दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, मात्र लपवलेली गोष्ट क्षुल्लक असेल तर नेमणूक करणाऱ्याने परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा, असं त्यात म्हटलं आहे. त्याचा आधार घ्यायची वेळ येऊ नये म्हणून नमुना भरतानाच काळजी घ्या.

परत तुमच्याकडे. ईमेल पाठवण्याच्या आदल्या रात्री बाबांना फोन करा. परवानगी मागायला नको, फक्त सांगायला. ऑफर कदाचित जाईल, का जाईल, आणि २०२० मध्ये तुम्ही काय करत होता हे यापुढे विचारणाऱ्याला तुम्ही खरं सांगणार आहात, हे त्यांना तुमच्या तोंडून आधी कळू द्या. त्यांना वाईट वाटेल, कदाचित ते रागावतीलही. तुमचा ईमेल त्यासाठी थांबवू नका. आणि एचआर काय म्हणाली ते मला कळवा.